चेहऱ्यावरची सुई

बोटॉक्स आणि फिलर यांवर वर्ध्यातून मराठीत पुस्तक निघतंय म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो – इथं कोणाला लागतं हे? मुंबईच्या नट-नट्यांच्या गोष्टी या, वर्ध्याच्या माणसाला त्यांचं काय? हा गांधी जिल्हा. सेवाग्राम इथं, पवनार इथं. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारी माणसं आणि उन्हात रापलेले चेहरे. कपाळावरची आठी घालवायला सुई टोचून घेणारं माणूस या चित्रात बसत नाही, म्हणून ते नसेलच असं धरून आपण मोकळे होतो.

ते आहे. बँकेत नोकरी करणारी पन्नाशीची बाई आहे. मुलीच्या लग्नाआधी डोळ्यांखालचे खड्डे भरून घ्यायचेत म्हणणारी आई आहे. फोटोत आपण कायम थकलेले दिसतो म्हणून खंतावणारा दुकानदार आहे. यांतली बरीच मंडळी नागपूरला धंतोलीत किंवा रामदासपेठेत जाऊन येतात आणि घरी दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो असं सांगतात. ज्यांना नागपूर जमत नाही ती तालुक्याच्या गावी, ओळखीच्या पार्लरमध्ये, चार दिवसांचा कोर्स करून आलेल्या हाताखाली चेहरा देतात.

जे घरी सांगता येत नाही ते कोणाला विचारताही येत नाही, आणि ज्याला विचारायची सोय नाही त्याच्यापुढे उरते ती मोबाइलवरची जाहिरात. एका बाजूला हसणारे लोक, दुसऱ्या बाजूला विकणारे लोक, मधल्या माणसाच्या हाती माहिती म्हणून काही नाही. या विषयात मी जी नुकसानं पाहिली त्यांतली बहुतेक या कोंडीत झालेली आहेत. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. चेहऱ्यात सुई घालणं हा औषधोपचार आहे. त्याला बाटली आहे, मात्रा आहे, उलटा परिणाम आहे आणि उतारा आहे किंवा नाही हा प्रश्न आहे. तो करून घेण्यात लाज वाटावी असं काही नाही, आणि तो फेशियलसारखा उरकावा इतका हलकाही नाही.

चेहऱ्याची चिंता करणं म्हणजे नटवेपणा, असं मानणाऱ्यांना वर्ध्याचाच इतिहास दाखवावासा वाटतो. चेहऱ्याची किंमत काय असते हे या जिल्ह्याइतकं फार थोड्या ठिकाणी कळलेलं आहे.

१९३६ साली गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्याच वर्षी विनोबांच्या प्रेरणेनं मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोगी सेवा समितीचं काम सुरू केलं. १९३९ मध्ये संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोग अंगावर घेऊन सेवाग्रामला आले आणि गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. तो प्रसंग छायाचित्रांमुळे सर्वांना ठाऊक आहे. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यात उभं राहिलं. पुढे बहुविध औषधोपचार, म्हणजे ज्याला एमडीटी म्हणतात तो, देशातल्या ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता. कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणारे बाबा आमटेही जन्मानं हिंगणघाटचे.

कुष्ठरोगाचा जंतू चेहऱ्यावर काय करतो ते आज पस्तिशीच्या आतल्या वाचकानं कदाचित पाहिलेलंच नसेल. भुवया झडतात. कानाच्या पाळ्या जाड होऊन लोंबतात. नाकाचा दांडा बसतो. चेहऱ्याच्या नसेची फांदी निकामी झाली की पापणी मिटत नाही. आणि एक गोष्ट फारशी बोलली जात नाही – गाठीगाठींनी सुजलेली त्वचा औषधानं उतरते तेव्हा ती सैल पडते, तिला चुण्या पडतात, आणि तिशीतला माणूस साठीचा दिसायला लागतो. औषधानं जंतू मरतो, कागदावर रोगी बरा होतो, पण गावात परत गेल्यावर लोक कागद पाहत नाहीत, तोंड पाहतात. कित्येक जण रोगमुक्त होऊनही घरी जाऊ शकले नाहीत ते या एका कारणानं.

हे ओळखणारे डॉक्टर महाराष्ट्रात होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा टाटा विभाग उभारणारे डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात कुष्ठरोग्यांच्या हातांवर आणि चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. बसलेलं नाक उभं करायचं, झडलेल्या भुवईच्या जागी केसांची त्वचा लावायची, लोंबणाऱ्या गालांची कातडी आवळून घ्यायची. सुरकुती काढण्याचं हे काम एखाद्या तारकेसाठी केलं की त्याला हौस म्हणतात आणि कुष्ठरोग्यासाठी केलं की पुनर्वसन; कातडी, टाका आणि हात तेच. दोन्हींची निकड सारखी आहे असं मी म्हणत नाही, ती नाहीच. पण आपला चेहरा आपल्याविषयी खोटं सांगतो आहे, हे दुःख दोन्हीकडे आहे आणि ते ऐकून घ्यायला हवं.

सुईसुद्धा इथं नवी नाही. डॅप्सोन हे औषध येण्याआधी कुष्ठरोगावर मुख्य उपाय म्हणजे कडू कवठाच्या जातीच्या झाडांचं तेल. ते दंडात, मांडीत आणि थेट चट्ट्यांच्या कातडीत, चेहऱ्यावरच्याही, टोचून भरलं जाई. दुखायचं भयंकर. गुण यायचा तो किती आणि कोणाला, यावर डॉक्टरांत वाद होते. लोक तरीही ती सुई घेत, कारण चेहरा परत मिळेल ही आशा होती.

आणखी मागे गेलो तर १७९३ च्या सुमाराची पुण्याजवळची हकीकत आहे. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात छाटला. वर्षभर तो तसाच वावरला. मग विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. आधी मेणाचा साचा करून माप घेतलं होतं. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे छापून आलं आणि ते वाचून तिकडच्या शल्यविशारदांनी प्रयोग सुरू केले; त्यांतल्या कार्प्यूनं १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. चेहरा पुन्हा घडवण्याची आजची युरोपीय विद्या एका मराठी गाडीवानाच्या नाकापासून बळ घेऊन उभी राहिली, हे आपल्या मुलांना शाळेत सांगितलं जात नाही.

आता सुईतल्या द्रव्यांकडे. ती मुख्यतः दोन प्रकारची आहेत आणि लोक सर्रास त्यांची गल्लत करतात. एक स्नायूला सैल करतं. दुसरं पोकळी भरतं. गाल बसलेत आणि मला बोटॉक्स द्या म्हणणारी माणसं रोज भेटतात, आणि त्यांना ‘हो’ म्हणून ते टोचणारेही आहेत.

पहिलं द्रव्य, म्हणजे बोटॉक्स, हे विष आहे, शब्दशः. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये १८२० च्या आसपास युस्टिनस कर्नर या डॉक्टरानं, जो नावाजलेला कवीही होता, बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेच्या नोंदी काढल्या: डोळ्यांना दोन-दोन दिसणं, पापण्या पडणं, गिळता न येणं, शेवटी श्वास थांबणं. हे विष कधीतरी औषध म्हणून वापरता येईल असंही त्यानं लिहून ठेवलं. १८९५ मध्ये बेल्जियमच्या एका गावात अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं मांस खाल्लं, त्यांतले तिघे दगावले, आणि त्या मांसातून व्हॅन एर्मेन्जेम यांनी हे विष बनवणारा जंतू शोधला. औषध व्हायला मात्र अजून ऐंशी वर्षं लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी दुसरं काही मिळतं का हे शोधत होते. अत्यल्प मात्रेत हे विष डोळ्याच्या ओढणाऱ्या स्नायूत टोचून त्यांनी १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी परवानगी मिळाली. सुरकुत्यांचा विषय कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये निघाला. तिथल्या जीन कॅरदर्स पापण्यांच्या आजारासाठी हे टोचत होत्या. भुवयांच्या मधे सुई पडली की चेहरा निवांत दिसतो, हे त्यांच्या एका रुग्ण बाईनंच त्यांच्या लक्षात आणून दिलं. नवरा ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये शोधनिबंध लिहिला. आठ्यांसाठी अमेरिकी परवानगी आली २००२ मध्ये.

काम कसं करतं हे समजलं की निम्मी भीती आणि निम्मी भाबडी आशा दोन्ही जातात. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत पोचतो तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत. हे विष नसेच्या टोकाशी ते बाहेर सोडणारी यंत्रणा तोडतं. हुकूम निघतो, पोचत नाही. स्नायू आकसत नाही, म्हणून त्याच्यावरच्या कातडीला घडी पडत नाही. गुण दोन-चार दिवसांनी दिसायला लागतो, पुरता दोन आठवड्यांनी येतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो, कारण नस आपली यंत्रणा पुन्हा उभी करते. म्हणूनच हळदीच्या आदल्या दिवशी ही सुई घेण्यात काही अर्थ नाही. चेहरा हलवल्यावर पडणाऱ्या रेषांना याचा उपयोग आहे. चेहरा स्वस्थ असतानाही खोल दिसणाऱ्या घडीला कमी, आणि उन्हानं खरबरीत झालेल्या कातडीला, वांगाला, काळेपणाला अजिबात नाही. आपल्याकडे येणाऱ्यांत सुरकुत्यांपेक्षा वांगाची तक्रार मोठी असते. गोऱ्या कातडीपेक्षा आपल्या कातडीवर रेषा उशिरा येतात आणि डाग लवकर. डागावर आठीची सुई खपवली जाते तेव्हा पैसे वाया जातात. डागावर गोरेपणाची सुई खपवली जाते तेव्हा पैशांच्या पलीकडचं काही जाऊ शकतं. ग्लुटाथिओनच्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं स्पष्ट सांगितलं आहे की गोरं करणारं कुठलंही इंजेक्शन त्यांनी मंजूर केलेलं नाही.

ही सुई देताना काय होतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. शंभर युनिटची बाटली फ्रीजमधून निघते. प्रकाशात धरली तर रिकामी वाटते. तळाशी जेमतेम एक पुसट पापुद्रा. डॉक्टर तिच्यात सलाइन सोडायला सुई खुपसतात तेव्हा बाटलीतली निर्वात पोकळी ते पाणी आपोआप आत ओढते. नाही ओढलं तर ती बाटली टाकून द्यायची. अडीच मिलिलिटर पाणी घातलं की दर दशांश मिलिलिटरला चार युनिट. मग समोरच्या बाईला सांगतात, “काकू, जोरात राग आल्यासारखं करा बरं.” काकू विचारतात, “राग कोणावर आणू जी?” “माझ्यावर आणा.” दोन भुवयांच्या मधे उभ्या आठ्या उमटतात, डॉक्टर बोटानं स्नायू चाचपतात, पेन्सिलीनं पाच ठिपके काढतात. प्रत्येकी चार, एकूण वीस युनिट. भुवईच्या वरची एक बोट जागा सोडलेली असते, कारण औषध तिथून खाली झिरपलं तर पापणी पडते आणि काही आठवडे पडलेलीच राहते. सुया टोचायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांआधी झालेलं बोलणं वीस मिनिटांचं नसेल तर डॉक्टर बदला.

त्या बोलण्यात काय यायला हवं? गरोदर आहात का, बाळ अंगावर पितं का, स्नायूंचा मायस्थेनियासारखा आजार आहे का, कोणती औषधं चालू आहेत, आधी कधी काय टोचलं आहे. विष म्हटल्यावर माणूस दचकतो, आणि दचकणं वावगं नाही. प्रौढ माणसाला जीवघेणी ठरेल अशी मात्रा तीन हजार युनिटच्या आसपास असावी, असा प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून अंदाज आहे. वीस आणि तीन हजार यांत पुष्कळ अंतर आहे, पण हे गणित खऱ्या, मोजलेल्या बाटलीला लागू. बनावट बाटलीत किती आहे ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०२४ मध्ये अमेरिकेत अनेक राज्यांतून बनावट किंवा अप्रशिक्षित हातून दिलेल्या बोटॉक्समुळे माणसं रुग्णालयात पोचली, काहींना विषबाधेवरचा उतारा द्यावा लागला. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर असतो. बहुतेक ब्रँडच्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. भर दुपारी थर्माकोलच्या डब्यातून आलेली स्वस्त बाटली निकामी असण्याची शक्यता मोठी. कोरिया, चीन, युरोप, अमेरिका अशा निरनिराळ्या ठिकाणी बनलेले ब्रँड बाजारात आहेत आणि एका ब्रँडचं युनिट म्हणजे दुसऱ्याचं युनिट नव्हे. तेव्हा ‘वीस युनिट’ एवढं ऐकून समाधान मानू नये, कशाचे वीस ते विचारावं.

जाता जाता एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. याच बाटलीतल्या औषधानं पक्षाघातानंतर आखडलेला हात सैल होतो, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची टाच जमिनीला टेकायला मदत होते, मान वाकडी करणारा पेटका सुटतो, पापण्यांच्या उघडझापीनं आंधळ्यासारखं झालेलं माणूस पुन्हा रस्ता ओलांडू शकतं. तोंड वाकडं होऊन तसंच राहिलेल्या रुग्णाच्या चांगल्या बाजूला ते थोडं टोचलं तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. खेड्यांतल्या कितीतरी घरांना हे माहीतच नाही. सौंदर्याच्या जाहिरातींतून जरी ते त्यांच्या कानावर गेलं तरी माझी हरकत नाही.

दुसरं द्रव्य फिलर. म्हातारपणी चेहरा सुकतो तो नुसत्या कातडीमुळे नाही. गालाच्या आतल्या चरबीच्या गाद्या विरतात, खाली घसरतात. डोळ्याच्या खोबणीचं, जबड्याचं हाड झिजतं. दात गेले की जबड्याचं हाड आणखी वेगानं जातं आणि तोंड आत ओढलं जातं. म्हणून साठीच्या माणसानं तोंडाभोवतीच्या रेषांसाठी फिलरचा विचार करण्याआधी दाताच्या डॉक्टरकडे जावं. नीट बसलेली कवळी जे करते ते तीन सिरिंजांनी होत नाही.

पोकळी भरायची कल्पना जुनी. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या गेरसुनी यांनी पॅराफिन टोचायला सुरुवात केली. काही वर्षांतच त्याच्या गाठी झाल्या, ते सरकलं, चेहरे विद्रूप झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकॉननं तोच धडा पुन्हा दिला. १९८१ मध्ये गाईच्या कातडीपासूनचं कोलॅजन अमेरिकेत मंजूर झालं, पण आधी ॲलर्जीची चाचणी करावी लागे. आज सर्वाधिक वापरात आहे ते हायल्युरॉनिक आम्ल. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातून ते वेगळं काढलं. आपल्या कातडीत आणि सांध्यांत ते असतंच. साखळ्या एकमेकींना जोडून त्याचा पारदर्शक गर करतात, तो मिलिलिटरभराच्या सीलबंद सिरिंजमध्ये येतो आणि सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. एक मिलिलिटर म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. बसलेले दोन्ही गाल एका सिरिंजमध्ये भरून येतील असं कोणी सांगत असेल तर ते सांगणं खरं नाही.

बसलेल्या गालांचंही वैद्यकात एक दुखरं प्रकरण आहे. एड्सच्या सुरुवातीच्या स्वस्त औषधांत स्टाव्ह्युडिन होतं. त्यानं जीव वाचले, आणि कित्येकांच्या गालांची चरबी वितळली. गालफडं पाहून लोक ओळखायचे. अमेरिकेत २००४ मध्ये पॉलिलॅक्टिक आम्लाचं फिलर मंजूर झालं ते याच रुग्णांसाठी. आपल्याकडच्या रुग्णांना ती चैन परवडली नाही. दत्तपूरच्या अंगणात जे घडत होतं तेच इथं पुन्हा घडलं – रोग आटोक्यात, चेहरा चुगली करणारा.

फिलरच्या धोक्याबद्दल मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीत तो नसतो. चेहऱ्यावरच्या धमन्या नाकाच्या मुळाशी डोळ्याच्या धमनीच्या फांद्यांना जोडलेल्या आहेत. सुईचं टोक धमनीत गेलं आणि गर जोरानं सोडला तर तो रक्ताच्या उलट दिशेनं मागे सरकतो, डोळ्याच्या मुख्य धमनीपर्यंत पोचतो, आणि दाब काढला की रक्ताबरोबर पुढे येऊन पडद्याची धमनी बुजवतो. माणूस खुर्चीतच त्या डोळ्यानं आंधळा होतो. २०१५ च्या एका आढाव्यात जगभरातून नोंदलेले असे ९८ रुग्ण होते. सुई सर्वाधिक वेळा भुवयांच्या मधे आणि नाकावर दिलेली होती, आणि जवळपास निम्म्यांत टोचलेलं द्रव्य म्हणजे स्वतःच्याच अंगातली चरबी होती. स्वतःची आहे म्हणून निर्धोक, हा समज तिथं कोसळतो. असं होणं विरळ आहे, हे खरं; पण पडद्याला रक्तावाचून तग धरायला मिळतो तो तासा-दीड तासाचा अवधी. वर्ध्याहून नागपूर तेवढ्या वेळाच्या अंतरावर आहे.

धमनी डोळ्याची नसून ओठाची, गालाची असेल तर कातडी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते, दुखतं. तेव्हा लागतं ते हायल्युरोनिडेज, हा गर विरघळवणारं विकर. आणि इथं वर्ध्याच्या वाचकाला सांगण्यासारखी गोष्ट आहे. हे औषध इथं अजिबात अनोळखी नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळा बधिर करण्याच्या सुईत ते मिसळतात. आणि खर्रा खाऊन ज्यांचं तोंड उघडेनासं झालंय, ज्यांच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत, त्यांच्या गालाच्या आतल्या दोऱ्यासारख्या घट्ट पट्ट्यांत दंतवैद्य तेच टोचतात. खर्रा ही विदर्भाची जखम आहे. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पुडी बांधली जाते, विशीतली पोरं ती दिवसभर गालात धरतात, आतला गाल पांढरा, कडक, चामड्यासारखा होतो आणि बाहेरून गालफडं आत जातात. पंचविशीत चेहरा का उतरला म्हणून फिलर विचारायला आलेल्या तरुणाला डॉक्टरांनी आधी ‘आ’ करायला सांगावं. त्याची गरज वेगळी आहे, आणि त्या पट्ट्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो.

तर मुद्दा हा की जे औषध मोतीबिंदूच्या खोलीत आणि दंतरुग्णालयात हाताशी असतं, ते फिलर देणाऱ्याच्या कपाटात नसणं याला सबब नाही. विचारा, “हायल्युरोनिडेज आहे का? दाखवा.” दाखवता आलं नाही तर उठून या. दुसरीही गोष्ट लक्षात घ्या: ते फक्त हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरला विरघळवतं. कॅल्शियमचं, पॉलिलॅक्टिक आम्लाचं किंवा सिलिकॉनचं असेल तर हा उतारा चालत नाही. आपल्या चेहऱ्यात काय गेलं हे माहीत असणं इतकं महत्त्वाचं का, ते यावरून कळावं. मला भेटलेल्या एका शिक्षिकेच्या ओठाभोवती गाठी होत्या. पार्लरमध्ये ‘विटामिनची पेन’ लावली एवढंच तिला आठवत होतं. सुईविना, दाबानं गर आत मारणारी ती उपकरणं. अमेरिकी प्रशासनानं २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध जाहीर इशारा दिला आहे. गाठींत काय आहे हे कळेना, म्हणून उपचार ठरेना.

रक्त काढून त्यातला द्रव चेहऱ्यावर टोचण्याची तऱ्हाही आता गावोगाव आहे. द्रव आपलाच, तेव्हा अपाय नाही, असं सांगतात. न्यू मेक्सिकोत एका विनापरवाना स्पामध्ये २०१८ मध्ये असा उपचार घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली; तिथं सामान पुन्हा वापरलं जात असल्याचं आढळलं. द्रव आपला असला तरी सुई आपली होती का, हे आपल्यासमोर पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही.

आता ज्यांना यातलं काही नको असेल त्यांच्यासाठी. चेहऱ्यावरच्या रेषांचा सगळ्यांत मोठा कारागीर ऊन आहे. २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकानं ट्रकचालकाचा फोटो छापला होता: २८ वर्षं खिडकीकडच्या बाजूनं ऊन खाल्लेला अर्धा चेहरा कितीतरी म्हातारा, दुसरा अर्धा वयाला साजेसा. कापूस वेचणाऱ्या बायका डोक्यावरून तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळतात, त्या आपल्या कातडीसाठी जे करतात ते कुठल्याही बाटलीहून कमी नाही. ज्यांना परवडेल त्यांनी सनस्क्रीन लावावं. तंबाखू सोडावा. दुकानातून चिठ्ठीविना मिळणारी, स्टिरॉइड मिसळलेली गोरेपणाची क्रीम आजच फेकून द्यावी. तिनं पातळ आणि लाल झालेल्या कातडीवर पुढे कुठलाच उपचार सुखानं होत नाही. आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर विसंबू नये. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं, हे अमेरिकेत मोजून दाखवलेलं आहे. स्वतःचा चेहरा हातभर अंतरावरून पाहून नापसंत करण्याआधी कोणाला तरी पाच फुटांवरून फोटो काढायला सांगावं.

पुस्तकातल्या पुढच्या प्रकरणांत प्रत्येक द्रव्याची, प्रत्येक जागेची, खर्चाची आणि संमतिपत्राची माहिती मराठीत आहे. मराठीत असण्याला मी फार मोल देतो. इंग्रजी संमतिपत्रावर न वाचता केलेली सही ही संमती नव्हे, आणि आपल्या डॉक्टरांनी ती मराठीत समजावून द्यावी, असा आग्रह धरायला आपण शिकलं पाहिजे. ज्यांना हे उपचार घ्यायचे आहेत त्यांनी संकोच न करता घ्यावेत, मात्र समोरच्याची महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी पाहून, आणि तो त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे याची खात्री करून. लग्न असेल तर निदान महिनाभर आधी. घरात एका तरी माणसाला सांगून.

आणि एवढं कराच. बाटलीवरचा आणि सिरिंजच्या खोक्यावरचा ब्रँड, लॉट नंबर, मात्रा आणि तारीख आपल्या कागदावर लिहून घ्या किंवा स्टिकर चिकटवून घ्या. तो कागद घरी ठेवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. सुईनंतर कातडी पांढरी पडली, वाढत जाणारी कळ आली, दिसायला कमी झालं, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर सकाळ होण्याची, कोणाला सांगावं की नाही याची वाट पाहू नका. त्या डॉक्टरला तिथल्या तिथे सांगा, आणि तो भेटत नसेल तर सेवाग्राम किंवा सावंगी यांतलं जे रुग्णालय जवळ असेल तिथं तडक निघा. दोन्हीकडे त्वचा आणि नेत्र विभाग आहेत. जाताना तो कागद बरोबर घ्या आणि काय टोचलं ते न लाजता सांगा.